उंची तीच, भाव निराळा

२०१६ सालचा जुलै महिना. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, खेळाडूंचा वार्षिक बाजार भरला होता. त्या बाजारात तीन धिप्पाड माणसं नव्या संघाच्या शोधात होती. तिघेही ‘सेंटर’, म्हणजे रिंगखाली उभं राहून आपली बाजू राखणारे गडी. तिघांचाही जन्म १९८६चा.

पहिला रशियाचा टिमोफे मोझगॉव्ह. क्लीव्हलंडच्या संघात त्याची जागा गेली होती आणि हंगामात सामन्यामागे त्याचे जेमतेम सहा गुण होते. दुसरा फ्रान्सचा इयान माहिन्मी. कारकिर्दीचा बराचसा काळ तो राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसला होता. तिसरा अमेरिकेचा रॉय हिबर्ट. उंची सात फूट दोन इंच, म्हणजे तिघांत सर्वांत जास्त. २०१२ आणि २०१४ अशा दोन वर्षी ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक ताऱ्यांच्या, सामन्यासाठी निवडलेला. बाकीच्या दोघांना तो मान एकदाही मिळाला नव्हता.

मोझगॉव्हला लॉस एंजलिस लेकर्सनं ४ वर्षांसाठी ६ कोटी ४० लाख डॉलर दिले. माहिन्मीला वॉशिंग्टन विझार्ड्सनं तेवढेच दिले, तेवढ्याच वर्षांसाठी. हिबर्टला शार्लट हॉर्नेट्सकडून मिळाला एका वर्षाचा करार, ५० लाख डॉलरचा.

यातला सल आणखी खोल आहे. माहिन्मी इंडियाना पेसर्स संघात तीन हंगाम हिबर्टचाच बदली खेळाडू होता. आणि लेकर्सनं मोझगॉव्हला आणलं ते हिबर्टनं रिकाम्या केलेल्या जागेवर.

वय तेच, काम तेच, बाजारही तोच. मग भावात एवढं अंतर कशानं पडलं? या प्रश्नाचा माग काढताना लीगचा हिशेब कसा चालतो ते कळतं, आणि एखादा खेळ आपल्याच माणसाच्या पायाखालून कसा सरकतो तेही कळतं.

फ्री एजंट म्हणजे कोण?

एनबीएत येणारा तरुण खेळाडू आपला संघ स्वतः निवडत नाही. दर वर्षी जूनमध्ये ‘ड्राफ्ट’ होतो. त्यात ३० संघ ठरलेल्या क्रमानं एकेक खेळाडू उचलतात. २००८च्या ड्राफ्टमध्ये हिबर्टला टोरांटोनं १७व्या क्रमांकावर उचललं आणि ठरलेल्या अदलाबदलीत तो इंडियानाकडे गेला. पहिल्या फेरीत निवडलेल्यांचा पहिला करार चार वर्षांपर्यंतचा असतो आणि त्याचा पगार ठरीव कोष्टकानुसार मिळतो.

करार संपला की खेळाडू ‘फ्री एजंट’ होतो, म्हणजे कुणाशीही बोलणी करायला मोकळा. पण हे मोकळेपण पहिल्या वेळी बहुधा अर्धंच असतं. वडिलोपार्जित घरातला आपला हिस्सा विकायला काढला आणि बाहेरच्या गिऱ्हाइकानं भाव सांगितला, की घरातला भाऊ म्हणतो, ‘तेवढ्याच भावात मी घेतो, पहिला हक्क माझा.’ इथेही जुन्या संघाला तसा पहिला हक्क असतो. दुसऱ्या संघानं दिलेला करार तो जसाच्या तसा मान्य करून खेळाडूला ठेवून घेऊ शकतो. अशा खेळाडूला ‘बंधित फ्री एजंट’ म्हणता येईल.

२०१२ मध्ये नेमकं हेच घडलं. पोर्टलंडनं हिबर्टपुढे ४ वर्षांचा, ५ कोटी ८० लाख डॉलरचा करार ठेवला. नियमांनुसार त्याला देता येईल तेवढा सगळा पगार त्यात होता. इंडियानानं तो मान्य केला आणि आपला गडी राखला.

त्या कराराच्या शेवटच्या वर्षी खेळाडूच्या बाजूची एक सोय होती. वाटलं तर आधी बाहेर पडायचं, वाटलं तर ठरलेल्या पगारावर आणखी एक वर्ष राहायचं. २०१५ मध्ये हिबर्टनं राहायचं ठरवलं, कारण त्या वर्षाचे सुमारे १ कोटी ५५ लाख डॉलर बाहेर कुणी दिले नसते. इंडियानाला मात्र तो नको होता. संघ चालवणाऱ्या लॅरी बर्ड यांना वेगवान खेळाचा आणि बुटक्या फळीचा संघ उभारायचा होता. जुलै २०१५ मध्ये हिबर्टला लेकर्सकडे धाडण्यात आलं. बदल्यात इंडियानाला मिळाली पुढच्या कुठल्याशा ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीतली एक निवड. ऑल-स्टार खेळाडूची ही किंमत नाममात्रच होती.

म्हणून २०१६चा उन्हाळा त्याच्या दृष्टीनं मोलाचा होता. लीगमध्ये आठ वर्षं काढल्यावर तो पहिल्यांदाच पुरता मोकळा झाला होता. पण बाजारात कधी उभं राहायचं, हे खेळाडूच्या हातात नसतं. करार संपतो त्या दिवशी उभं राहावं लागतं, मग गुडघे ठीक असोत वा नसोत.

सगळ्यांच्या हातात सारखीच थैली

एनबीएत श्रीमंत मालक वाटेल तेवढे पैसे ओतून सगळे तारे आपल्याकडे गोळा करू शकत नाही. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. मंडईत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात सारख्याच मापाची थैली द्यावी, तसं हे आहे. थैलीपेक्षा जास्त खर्च करायच्या काही पळवाटा नियमांतच आहेत, उदाहरणार्थ स्वतःच्या जुन्या खेळाडूला राखताना. पण बाहेरच्या खेळाडूला मोठा पगार द्यायचा तर थैलीत जागा हवी.

थैलीचं माप लीगच्या उत्पन्नावर ठरतं. बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाचा साधारण अर्धा वाटा खेळाडूंचा, असा करार मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात आहे. उत्पन्न वाढलं की थैली मोठी होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये लीगनं प्रक्षेपणाच्या हक्कांचा नवा करार केला. ९ वर्षं, सुमारे २,४०० कोटी डॉलर, आणि सुरुवात २०१६–१७च्या हंगामापासून. ही वाढ टप्प्याटप्प्यानं करावी, असं लीगचं म्हणणं होतं. खेळाडूंच्या संघटनेनं ते मानलं नाही. परिणामी थैली एका रात्रीत फुगली. २०१५–१६ मध्ये ७ कोटी डॉलरची मर्यादा पुढच्या हंगामात ९ कोटी ४१ लाखांवर गेली.

आता साधा गुणाकार करू. प्रत्येक संघाच्या हाती २ कोटी ४१ लाख डॉलर जास्त आले, संघ ३०. म्हणजे बाजारात जवळपास ७२ कोटी डॉलर नव्यानं उतरले. मंडईतला माल मात्र गेल्या वर्षीएवढाच होता. त्यात तेव्हाचा आणखी एक नियम असा होता की थैलीचा किमान ९० टक्के भाग खर्च झाला पाहिजे, नाही तर उरलेली तूट संघातल्याच खेळाडूंमध्ये वाटून द्यावी लागे. अशा दिवशी कोथिंबिरीची जुडीही सोन्याच्या भावानं जाते.

मोझगॉव्ह आणि माहिन्मी यांचे करार या लाटेवर आले. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्क निक्सनं जोआकिम नोआला आणि ओरलँडो मॅजिकनं बिस्मॅक बियोंबोला ४ वर्षांसाठी प्रत्येकी ७ कोटी २० लाख दिले. हे दोघेही सेंटरच. म्हणजे उंच माणसांना त्या वर्षी मागणी नव्हती असं मुळीच नाही. हिबर्टला वेळही नेमकी लाभली होती. तरी लाट त्याच्या बाजूनं निघून गेली. याचं उत्तर हिशेबाच्या वहीत मिळत नाही, ते मैदानावर शोधावं लागतं.

दिंडीदरवाजातला पहारेकरी

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. चारी बाजूंनी भक्कम भिंती आणि आत शिरायला एकच दिंडीदरवाजा. दारात आडदांड पहारेकरी बसला की वाडा सुरक्षित. हिबर्ट हा बास्केटबॉलमधला असा पहारेकरी होता.

रिंग जमिनीपासून १० फुटांवर असते. चेंडू रिंगच्या अगदी जवळून टाकला तर आत जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून हल्ला करणाऱ्या संघाची धडपड तिथे पोचायची असते. अडवताना अंगाला अंग लागलं तर बहुतेक वेळा अडवणाऱ्यालाच चूक लागते, म्हणजे फाउल. पण नियमात एक फट आहे. बचाव करणारा आपल्या जागेवरून सरळ वर उडाला, हातही सरळ वर ठेवले, आणि हल्लेखोर येऊन त्याच्यावर आदळला, तर तो फाउल धरत नाहीत. आपल्या पायाखालच्या जमिनीवर उभा असलेला एक अदृश्य खांब प्रत्येकाच्या मालकीचा, अशी ही कल्पना. हिबर्टनं हे तंत्र इतकं घोटलं की त्या काळात या नियमाची चर्चा त्याच्या नावानंच होऊ लागली.

प्रशिक्षक फ्रँक व्होगेल यांनी इंडियानाचा सगळा बचाव या एका खांबाभोवती रचला. बाहेरच्या चौघांनी आपापल्या माणसाला चिकटायचं, तो सुटलाच तर मागे हिबर्ट आहे. २०१२–१३ आणि २०१३–१४ या दोन्ही हंगामांत इंडियानाचा बचाव लीगमध्ये पहिल्या क्रमांकाचा ठरला. मे २०१३ मध्ये न्यूयॉर्कविरुद्धच्या निर्णायक सामन्यात त्यांचा कार्मेलो अँथनी डंक मारायला, म्हणजे चेंडू वरून रिंगमध्ये कोंबायला, झेपावला. हिबर्टनं तो चेंडू हवेतच थोपवला आणि सामन्याचा रंग पालटला. पुढच्या फेरीत लेब्रॉन जेम्सच्या मायामीला सात सामन्यांपर्यंत झुंजवताना त्यानं सामन्यामागे सरासरी २२ गुण आणि १० रिबाउंड, म्हणजे नेम हुकल्यावर पकडलेले चेंडू, मिळवले. २०१४ मध्ये सर्वोत्तम बचावपटूच्या मतदानात तो दुसरा आला.

त्याला दारातून बाहेर काढलं

पण मायामीविरुद्धच्या त्या मालिकेच्या पहिल्याच सामन्यात पुढच्या संकटाची चाहूल लागली होती. जादा वेळेतले शेवटचे काही क्षण, इंडियाना एका गुणानं पुढे. मायामीचा उंच खेळाडू ख्रिस बॉश लांबून नेम साधणारा होता. हिबर्टनं त्याच्यामागे बाहेर जावं तर ते त्याच्या पायांना झेपणारं नव्हतं. व्होगेल यांनी हिबर्टला बाकावर बसवलं. लेब्रॉन सरळ रिंगपर्यंत धावत गेला आणि शेवटच्या क्षणी चेंडू आत टाकून त्यानं सामना काढला. दारात पहारेकरीच नव्हता.

हिबर्टला ठेवावं तर बाहेरून मार बसतो, काढावं तर दार उघडं पडतं. हा पेच पुढच्या वर्षी सगळ्यांनाच दिसला. इंडियाना आपल्या विभागात पहिली होती. प्लेऑफच्या, म्हणजे साध्या हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतल्या, पहिल्या फेरीत समोर होता अटलांटा हॉक्स, साध्या हंगामात जिंकले त्यापेक्षा जास्त सामने हरलेला संघ. अटलांटानं पेरो आंतिच या उंच खेळाडूला रिंगपासून लांब, तीन गुणांच्या रेषेबाहेर उभं केलं. त्याला मोकळं सोडता येईना, त्याच्याकडे जावं तर मागचं दार उघडं. पाचव्या सामन्यात हिबर्टच्या नावावर शून्य गुण आणि शून्य रिबाउंड लागले. पुढच्या फेरीच्या पहिल्या सामन्यातही पुन्हा तेच. त्यानंतरच्या सामन्यात त्यानं २८ गुण केले खरे, पण त्याला मैदानावरून कसं हटवायचं, हे तोवर जगाला कळून चुकलं होतं.

यामागे शाळेतलं गणित आहे. तीन गुणांची रेषा रिंगच्या समोर २३ फूट ९ इंचांवर असते. तिथून १०० वेळा नेम धरला आणि ३५ वेळा साधला, तर गुण झाले १०५. मधल्या अंतरावरून दोन गुणांचे १०० प्रयत्न केले आणि ४५ साधले, तर गुण ९०च. दुसरा नेमबाज जास्त वेळा यशस्वी होऊनही मागे पडतो. एनबीएत तीन गुणांची रेषा १९७९–८० पासून आहे, पण या गणिताप्रमाणे खेळायला संघांनी तीन दशकं घेतली. २०१२–१३ मध्ये संघ सामन्यामागे असे साधारण २० प्रयत्न करीत. २०१६–१७ मध्ये ते २७ झाले आणि २०१८–१९ मध्ये ३२. वाड्याच्या भिंती गेल्या, राहिलं उघडं अंगण. त्यात जुना दरवाजा तेवढा तसाच उभा होता.

उंच माणसाची दुसरी परीक्षा ‘पिक अँड रोल’ या डावात होते. हल्ल्यातला एक खेळाडू आपल्या चेंडूवाल्या सोबत्यावर पहारा देणाऱ्याच्या वाटेत खांबासारखा उभा राहतो. पहारेकरी त्याला अडखळतो आणि चेंडूवाला निसटतो. मग मागच्या सेंटरपुढे दोनच वाटा उरतात. तो रिंगजवळ मागे थांबू शकतो, पण मग स्टीफन करीसारखा नेमबाज आरामात लांबून चेंडू टाकतो. किंवा तो पुढे येऊन त्या चपळ गड्याला स्वतः अंगावर घेऊ शकतो, पण मग त्याच्या पायांत तेवढी चपळाई लागते. हिबर्ट पहिल्या वाटेचा माणूस होता. गोल्डन स्टेट वॉरियर्सनं २०१५ची अंतिम लढत जिंकताना आपला उंच सेंटर बाजूला ठेवून सव्वासहा-साडेसहा फुटांची चपळ फळी उतरवली आणि पुढच्या हंगामात ८२पैकी ७३ सामने जिंकले. दुसऱ्या वाटेची सक्ती तिथून सुरू झाली.

भाव ठरवणारे चार प्रश्न

उंच फ्री एजंट समोर आला की संघ चार प्रश्न विचारतो. हल्ल्यात हा काय देतो? बचावात याला लक्ष्य करता येतं का? याचा आलेख वर चाललाय की खाली? आणि आमच्या घरात या मापाची जागा रिकामी आहे का?

हिबर्टची उत्तरं पाहू. हल्ल्यात तो रिंगकडे पाठ करून, अंगाच्या जोरावर आत सरकत नेम धरायचा. त्याचे जेमतेम ४४ टक्के प्रयत्न यशस्वी होत. रिंगखाली खेळणाऱ्यासाठी हे प्रमाण कमी आहे. तीन गुणांचा नेम त्याच्या खेळात जवळजवळ नव्हताच. बचावात त्याला कसं बाहेर काढायचं, ते सगळ्यांना पाठ झालं होतं. आलेख तर स्पष्टच होता. लेकर्सकडे ८१ सामने खेळून सरासरी ६ गुणही भरले नाहीत, आणि त्या वर्षी त्या संघानं फक्त १७ सामने जिंकले.

माहिन्मीचा आलेख मात्र उलटा चालला होता. हिबर्ट गेल्यावर इंडियानात त्याला सुरुवातीच्या पाचांत जागा मिळाली. सरासरी ९ गुण आणि ७ रिबाउंड मिळवत त्यानं कारकिर्दीतला सर्वोत्तम हंगाम काढला, तोही करार संपायच्या वर्षी. भाड्याच्या घराला मुदत संपता संपता नवा रंग मिळावा, तसं झालं. बाजार नेहमी शेवटचा हंगाम सर्वांत मोठ्या अक्षरांत वाचतो.

मोझगॉव्हचं कोडं या चौकटीत पुरतं बसत नाही. त्याचा आलेखही खालीच चालला होता. पण लेकर्सकडे भली मोठी रिकामी थैली होती, सेंटरची जागा रिकामी होती आणि बाजार उघडला त्याच रात्री त्यांनी सौदा केला. हिबर्टला त्यांनी वर्षभर जवळून पाहिलं होतं. दूरच्या माणसाबद्दल आशा बाळगणं सोपं जातं. वर्षभरातच लेकर्सना हा करार जड झाला. तो गळ्यातून काढण्यासाठी त्यांनी २०१७च्या जूनमध्ये मोझगॉव्हबरोबर डीअँजेलो रसेल हा होतकरू तरुणही ब्रुकलिनला देऊन टाकला. मिळालेला भाव आणि असलेलं मोल यांत कधी कधी एवढं अंतर असतं.

शार्लटनं हिबर्टला दिलेला एका वर्षाचा करार या धंद्यात सर्रास दिसतो. संघाला धोका कमी, आणि खेळाडूला पुढच्या उन्हाळ्यात मोठा करार मिळवायची संधी. ‘आधी करून दाखव, मग बोलू’ असा त्याचा अर्थ. हिबर्टला ते साधलं नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये एकाच महिन्यात त्याचे दोन संघ बदलले, आधी मिलवॉकी आणि मग डेन्व्हर. डेन्व्हरकडून तो फक्त सहा सामने खेळला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याला कुणीच करार दिला नाही.

चौकट : थोडक्यात

- फ्री एजंट : करार संपलेला, बोलणीला मोकळा खेळाडू. बंधित असेल तर जुन्या संघाचा पहिला हक्क.
- पगारमर्यादा : प्रत्येक संघाच्या हातातली सारखी थैली. २०१६ मध्ये ती ७ कोटी डॉलरवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली.
- तीनचं गणित : ३५ टक्के साधलेले तीन गुणांचे १०० नेम म्हणजे १०५ गुण. ४५ टक्के साधलेले दोन गुणांचे १०० नेम म्हणजे ९०.
- उंच माणसाची अडचण : रिंगजवळ थांबला तर नेमबाज मोकळा, पुढे आला तर दार उघडं.
- भाव ठरतो यावर : हल्ल्यातला उपयोग, बचावातली कच्ची बाजू, आलेखाची दिशा आणि संघाची गरज.

त्याच वर्गातला दुसरा विद्यार्थी

उंच माणसांचा जमाना संपला, असा निष्कर्ष यातून काढला तर तो चुकेल. गणिताकडे पुन्हा पाहा. अगदी रिंगजवळच्या १०० प्रयत्नांपैकी ६० ते ६५ साधले, तर गुण १२० ते १३० होतात. म्हणजे मैदानावरची सर्वांत मौल्यवान जागा अजूनही तीच आहे आणि तिथल्या पहारेकऱ्याची गरजही संपलेली नाही. नवी अपेक्षा एवढीच, की एका टोकाला स्वतःची रिंग राखणाऱ्यानं दुसऱ्या टोकाला लांबून नेम साधावा आणि समोरच्या पहारेकऱ्यालाही त्याच्या दारातून बाहेर ओढावं.

ब्रूक लोपेझनं हे करून दाखवलं. तो हिबर्टच्याच, २००८च्या, ड्राफ्टमधला आणि त्याच्यासारखाच सात फुटी, जड पावलांचा सेंटर. पहिल्या आठ हंगामांत त्यानं तीन गुणांचे फक्त ३१ नेम धरले होते, साधले ३. नवव्या हंगामात, २०१६–१७ मध्ये, त्यानं एकदम ३८७ धरले आणि १३४ साधले. तरीही २०१८च्या बाजारात त्याला कुणी फारसं विचारलं नाही. आदल्या हंगामात सव्वादोन कोटी डॉलरहून जास्त पगार घेणारा हा माणूस मिलवॉकी बक्सकडे सुमारे ३४ लाखांत गेला. ‘करून दाखव’चा करार त्यालाही पत्करावा लागला, आणि त्यानं करून दाखवलं. वर्षभरानं त्याच संघानं त्याला ४ वर्षांचे ५ कोटी २० लाख दिले. २०२१ मध्ये मिलवॉकीनं अजिंक्यपद जिंकलं तेव्हा रिंगखाली लोपेझ उभा होता.

मग हिबर्टनं तेच का केलं नाही, असं विचारणं सोपं आहे. पण नवा नेम शिकायला हात लागतो, साथ देणारे गुडघे लागतात, आणि पन्नास नेम चुकले तरी ‘टाकत राहा’ म्हणणारा प्रशिक्षक लागतो. हिबर्टच्या उत्तम वर्षांत त्याच्याकडून कुणी ते मागितलंच नव्हतं. त्याला रिंगखाली उभं राहायला सांगितलं आणि तिथे तो लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी एक ठरला. ज्या कामासाठी शाबासकी मिळाली, त्याच कामाची मागणी पाच वर्षांत आटली. गिरणीतल्या कसबी कामगारांच्या आठवणी ज्या घरांत अजून जिवंत आहेत, त्यांना हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

वरळीत दिसलेलं उत्तर

या गोष्टीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे दोन सराव सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले. पहिल्या सामन्याला प्रेक्षागृह शाळकरी मुलांनी भरलं होतं. खेळत होते सॅक्रामेंटो किंग्ज आणि हिबर्टचा जुना संघ, इंडियाना पेसर्स. इंडियानाच्या त्या संघात माइल्स टर्नर होता. हिबर्टला लेकर्सकडे धाडलं त्याच्या काही दिवस आधीच, २०१५च्या ड्राफ्टमध्ये, इंडियानानं या तरुण सेंटरला ११व्या क्रमांकावर निवडलं होतं. मुंबईत आला त्याच्या आदल्या हंगामात त्यानं लीगमध्ये सामन्यामागे सर्वांत जास्त नेम अडवले होते, आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरूनही तो सहज नेम साधायचा. बर्ड यांना हवा होता तो पहारेकरी हाच.

त्याच २०१५च्या ड्राफ्टमध्ये ५२व्या क्रमांकावर पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलसनं निवडलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. उंची हिबर्टएवढीच, सात फूट दोन इंच. लीगच्या मुख्य हंगामात मात्र त्याला एकही सामना मिळाला नाही. उंची दारापर्यंत आणते, आत ठेवून घेत नाही, हे त्याच्याही वाट्याला आलं.

बाजाराचं चाक फिरतच राहिलं. २०१६च्या धड्यानंतर आता थैलीचं माप वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढू दिलं जात नाही. तरीही २०२५–२६ मध्ये ते १५ कोटी ४६ लाख डॉलरवर पोचलं. त्याच २०२५च्या जुलैत टर्नर फ्री एजंट झाला. इंडियानात दहा वर्षं काढून तो मिलवॉकीला गेला, चार वर्षांच्या १० कोटी डॉलरहून मोठ्या करारावर. तिथे त्यानं जागा घेतली ती ब्रूक लोपेझची. सदतिशी गाठलेला लोपेझ त्याच बाजारातून लॉस एंजलिस क्लिपर्सकडे गेला.

म्हणजे इंडियानात ज्यानं पुढे हिबर्टची जागा घेतली, त्यानंच दहा वर्षांनी हिबर्टच्या ड्राफ्टमधल्या या सोबत्याचीही घेतली. उद्या टर्नरच्याही समोर कुणी अशी चाल खेळेल जिचं उत्तर त्याच्या पायांत नसेल. ३४ लाखांचा लोपेझ अजिंक्यपदापर्यंत पोचला आणि ६ कोटी ४० लाखांचा मोझगॉव्ह वर्षभरात नकोसा झाला, हे लक्षात ठेवलं तर बाजारातल्या आकड्यावरून माणसाचं मोल ठरवायचा मोह होणार नाही. त्या आकड्यात खेळाडू असतो, पण त्याच्याबरोबर त्या वर्षीची थैली असते, दुसऱ्याची निकड असते आणि खेळाची त्या घडीची दिशाही असते.

हिबर्ट २०१९ मध्ये पुन्हा लीगमध्ये आला, फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सच्या प्रशिक्षकांच्या चमूत. त्याचं काम होतं खेळाडूंना घडवण्याचं. नवा नेम शिकणाऱ्याला ‘टाकत राहा’ म्हणणारं कुणी तरी लागतं, हे त्याच्याइतकं फार थोड्यांना ठाऊक असेल.